राखबंधाऱ्याशेजारच्या गावाने पाणी कसे मागावे, जाब कसा विचारावा

प्रश्न विचारणाऱ्या ताई नागपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत. गावाला लागून सरकारी वीज केंद्राचा राखबंधारा आहे, म्हणजे जळालेल्या कोळशाची राख पाण्यासह साठवायचा तलाव. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नाल्याकडच्या विहिरींचे पाणी मचूळ झाले, त्यात डाळ शिजत नाही. उन्हाळ्यात वावटळ उठली की राख घरात येते, कपाशीच्या पानावर थर बसतो. निवेदने दिली. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक नमुने घेऊन गेले, अहवाल आला ‘मर्यादेत’. तहसीलमध्ये सांगतात, कंपनी सरकारचीच आहे, वर विचारा. गावातली निम्मी पोरे तिथेच ठेक्यावर कामाला, त्यामुळे सही करायला कोणी पुढे येत नाही. अशा गावाने नेमके काय करावे?

ताई, आधी एक काम करा. पिण्याचे पाणी आणि दोष कोणाचा, या दोन मागण्या वेगळ्या काढा. ‘राखेने विहिरी खराब केल्या, कारवाई करा आणि शुद्ध पाणी द्या’ असे एकाच निवेदनात लिहिले की सगळे प्रकरण ‘चौकशीनंतर’ या शेऱ्याखाली जाऊन बसते. चौकशीत दोन पावसाळे निघून जातात आणि तोवर लेकरे तेच पाणी पितात. गावाला पिण्यायोग्य पाणी देणे ही ग्रामपंचायतीची आणि जिल्हा परिषदेची जबाबदारी आहे. पाणी राखेने बिघडले की खडकाने, यावर ती अवलंबून नाही. म्हणून पहिले पत्र जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना: अमुक विहिरी आणि हातपंप पिण्यायोग्य नाहीत, पर्यायी स्रोत द्या, तोवर टँकर द्या. या पत्रात वीज केंद्राचे नावसुद्धा नको. जाब विचारायचे पत्र वेगळे, वेगळ्या माणसाला, वेगळ्या पुराव्यासह.

घरोघरी एवढे मात्र लगेच सांगा की पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड, सल्फेट, शिसे, आर्सेनिक जात नाहीत. पाणी आटते तसे ते उलट दाट होतात. आशाताईंना सोबत घेतले तर ही गोष्ट दोन दिवसांत गावभर होईल.

आता तो ‘मर्यादेत’ असलेला अहवाल. तो हातात घ्या आणि सगळ्यात आधी तपासले काय ते बघा. नेहमीच्या तपासणीत सामू (पीएच), गढूळपणा, विरघळलेले क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि जंतू एवढेच असते. राखेच्या पाझराची चाहूल लागते सल्फेट आणि बोरॉनवरून. हे दोन्ही पाण्याबरोबर सहज वाहतात, म्हणून जड धातूंच्या आधी विहिरीत पोचतात. त्यानंतर आर्सेनिक, शिसे, पारा, क्रोमियम, सेलेनियम. यातले काही तपासलेच नसेल, तर तो अहवाल राखेबद्दल काहीच सांगत नाही आणि ‘मर्यादेत’ या शेऱ्याला तिथे अर्थ उरत नाही.

मग बघा, मर्यादा कोणती लावली. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ चे. त्यात बऱ्याच घटकांना दोन रकाने आहेत. फ्लोराइड १.० मिलिग्रॅम प्रति लिटर स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचे. विरघळलेले क्षार ५०० आणि २०००. सल्फेट २०० आणि ४००. कठीणपणा २०० आणि ६००. म्हणजे तुमच्या विहिरीचे क्षार १८०० निघाले तरी अहवालात ‘मर्यादेत’ येऊ शकते, आणि डाळ न शिजण्याचे कारण त्याच कागदावर कठीणपणाच्या ओळीत लिहिलेले असते. शिसे (०.०१) आणि पारा (०.००१) यांना मात्र सवलतीचा रकानाच नाही.

याहून गंभीर प्रकारही माझ्या पाहण्यात आला आहे. विहिरीच्या पाण्याला सांडपाण्याचे निकष लावलेले असतात. कारखान्याने नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात आर्सेनिक ०.२ पर्यंत, शिसे ०.१ पर्यंत आणि फ्लोराइड २ पर्यंत चालते. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा ०.०१ आहे. वीसपट फरक. अहवालाच्या तळाशी कोणत्या मानकाचा आधार घेतला ते बारीक अक्षरात लिहिलेले असते. ती ओळ वाचल्याशिवाय कोणताही अहवाल मान्य करू नका.

दुसरे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल: ‘हे नैसर्गिक आहे.’ विदर्भात हे उत्तर बऱ्याचदा खरे असते, म्हणून ते उडवून लावू नका. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत फ्लोराइड खडकातूनच येते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णाकाठची विहीर कोणताही कारखाना नसताना खारीच असते. नायट्रेट वाढलेले असेल तर ते बहुधा शेतातल्या खताचे, गोठ्याचे, उकिरड्याचे किंवा संडासाच्या शोषखड्ड्याचे. ते राखेच्या माथी मारू नका. एक चुकीचा आरोप खोडला गेला की त्याच्या आडोशाने खरे आरोपही खोडले जातात.

खडक आणि राख यांतला फरक दाखवायची रीत साधी आहे. भूजल साधारण उतारानेच, नाल्याकडे किंवा नदीकडे सरकते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या दोन-तीन विहिरी घ्या, ज्यांच्याकडे पाझर जाऊच शकत नाही. मग खालच्या अंगाच्या घ्या: एक बंधाऱ्याच्या पायथ्याजवळची, एक गावाजवळची, एक नाल्यापलीकडची. खडकामुळेच पाणी बिघडलेले असेल तर एकाच खडकातल्या वरच्या आणि खालच्या विहिरी सारख्याच वाईट निघतील. पाझर असेल तर वरच्या अंगाला पाणी बरे, पायथ्याशी सगळ्यात वाईट आणि अंतर वाढेल तसे सुधारत गेलेले दिसेल. आणखी एक खूण सांगते कामाची: खडकातले फ्लोराइड बहुधा खोल बोअरमध्ये जास्त मिळते, बंधाऱ्याचा पाझर मात्र आधी उथळ विहिरीत उतरतो. पायथ्याजवळची विहीर बिघडली आणि शेजारचे बोअर बरे आहे, तर ‘नैसर्गिक आहे’ म्हणणाऱ्याने त्याचे कारण द्यावे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विहिरीचे पाणी कधीपासून बदलले ते विचारा आणि ते साल बंधारा भरायला लागल्याच्या सालाशी ताडून बघा. तोंडी साक्ष एकटी पुरत नाही, पण आकड्यांशेजारी ठेवली की तिला वजन येते.

नमुना घेण्याची पद्धत नीट सांभाळा, कारण प्रकरण इथेच टिकते किंवा फसते. हातपंप दहा मिनिटे हापसा, नळीत साठलेले पाणी जाऊ द्या, मग बाटली भरा. विहिरीत बादली पृष्ठभागावरच भरून वर ओढू नका. खाली बुडवून मधले पाणी घ्या, आणि मोटर असेल तर ती आधी थोडा वेळ चालवा. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणा. साध्या तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. धातूंच्या तपासणीची बाटली मात्र विसळायची नाही, कारण तिच्यात आधीच नायट्रिक आम्ल घातलेले असू शकते. ते नसेल तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा खोटा कमी येतो. आम्ल हाताला भाजते, त्यामुळे हे काम पोरांवर सोपवू नका. चिठ्ठीवर विहीर मालकाऐवजी गट क्रमांक, तारीख, वेळ, दोर टाकून मोजलेली पाण्याची पातळी आणि पाण्याचा रंग-वास. बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पोचवा. नमुना घेतानाचा पंचनामा जागेवरच लिहा आणि ग्रामसेवक, जलसुरक्षक व दोन गावकऱ्यांच्या सह्या घ्या. साधी तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. धातूंसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधा आणि मान्यता त्या त्या धातूसाठी आहे का तेही विचारा. नागपुरात १९५८ पासून ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी तिच्याकडून अभ्यास करून घ्यावा, अशी मागणी ग्रामसभेला करता येते.

हे गावाचे नमुने खटल्यातला कायदेशीर पुरावा म्हणून पुरणार नाहीत. जल कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे मंडळाने नोटीस देऊन, नमुना दोन भागांत करून, सीलबंद करून घेतला तरच तो त्या कामी ग्राह्य धरतात. पण गावाचे आकडे हातात असले की मंडळाला तसा नमुना घ्यायला लावता येते, आणि कुठून घ्यायचा तेही सांगता येते: बंधाऱ्याच्या पायथ्याची पाझरचारी आणि नाल्याला मिळणारा मोरा. बंधाऱ्यावर चढून वरून फोटो काढण्यात वेळ जातो. पायथ्याला उन्हाळ्यातही ओल असलेली जागा, तिथे वाढलेली पाणकणसे आणि वाळल्यावर जमिनीवर उमटलेला पांढरा थर, हे फोटो तारखेसह ठेवा.

आता तहसीलमधले ते वाक्य, ‘कंपनी सरकारचीच आहे’. माझे ठाम मत असे आहे की सरकारी असणे हीच तुमची पकड आहे. खासगी कारखान्याच्या कपाटातला कागद तुम्हाला थेट मागता येत नाही. सरकारी कंपनी माहिती अधिकार कायदा २००५ खाली थेट येते. दहा रुपयांच्या अर्जावर, तीस दिवसांत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही दहा रुपये नाहीत. आणि त्या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये नुसत्या कागदाचा अधिकार नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि पदार्थाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही आहे. बंधाऱ्यातल्या राखेचा आणि तिथून निघणाऱ्या पाण्याचा नमुना मागा. बंधाऱ्याभोवतीच्या निरीक्षण विहिरींची गेल्या पाच वर्षांची वाचने मागा. त्या विहिरी पर्यावरण मंजुरीच्या अटींनुसारच खोदलेल्या असतात, आणि गावाने फुकट मिळवावे असे सगळ्यात मोलाचे आकडे तिथेच पडून असतात.

मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयात जातो आणि ते कार्यालय नागपुरातच आहे. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की वीज कंपनी राज्याची, प्रदूषण मंडळ राज्याचे, जिल्हाधिकारी राज्याचे. या तिघांच्या बाहेरचा एक डोळा तुमच्या तक्रारीवर असला पाहिजे. तक्रारीची प्रत तिथे जाऊ द्या, आणि तक्रार अटीच्या क्रमांकासह लिहा: ‘मंजुरीपत्रातली अमुक अट, प्रत्यक्षात असे.’ ‘प्रदूषण होत आहे’ असे मोघम लिहिलेले पत्र उत्तर द्यायला सोपे जाते. मंजुरीपत्र ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर मिळते, जुन्या प्रकल्पाचे नसेल तर माहिती अधिकारात.

राखेबाबतचा कायदाही तुमच्या बाजूने पुढे सरकला आहे. आपल्या कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते, म्हणून एवढे बंधारे उभे राहिले. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १९९९ ची. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के राख वापरण्याचे बंधन घातले, न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये पर्यावरण भरपाई ठरवली आणि साठलेली जुनी राखही दहा वर्षांत संपवायला सांगितली. त्यातली एक गोष्ट लक्षात असू द्या: ती भरपाई केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या खात्यात जाते. गावाला त्यातून आपोआप काही येत नाही. गावाचे नुकसान गावालाच वेगळे मागावे लागते.

बंधाऱ्याचा धोका नुसता पाझराचा नाही. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत, नाल्यांत गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी खापरखेडा वीज केंद्राच्या नांदगावच्या बंधाऱ्यात राख टाकणे थांबवायला सांगितले होते. त्यामागे गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी आधी गोळा करून ठेवलेले पाण्याचे आकडे होते. पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्याची सुरक्षा तपासणी कोणी, कधी केली आणि फुटल्यास गावाला सूचना कशी मिळेल, हे दरवर्षी मे महिन्यात लेखी विचारा.

सही करायला कोणी येत नाही, ही तुमची सगळ्यात खरी अडचण. ज्या पोराचा पास ठेकेदाराच्या हातात आहे त्याने सही करावी अशी अपेक्षा ठेवू नका आणि त्याच्यावर राग धरू नका. तक्रार व्यक्तीची नसावीच, ग्रामसभेची असावी. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथून विषय घ्या. पाणी भरणाऱ्या बायांना डाळीचे आणि मचूळ चवीचे सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. ‘पयले ह्याच विहिरीवर साऱ्या गावाचा सैपाक होत होता’ हे वाक्य मी किती गावांत ऐकले आहे. ठराव थोडका आणि नेमका लिहा: ‘गट क्रमांक अमुक ते तमुक मधील विहिरींच्या पाण्याची तपासणी सल्फेट, बोरॉन, फ्लोराइड व जड धातूंसाठी करावी, बंधाऱ्याच्या निरीक्षण विहिरींची वाचने ग्रामपंचायतीस दर तीन महिन्यांनी द्यावीत, आणि पर्यायी पाणीपुरवठ्याचा खर्च प्रदूषण सिद्ध झाल्यास प्रकल्पाकडून वसूल करावा.’ केंद्र बंद करा अशी मागणी यात नको. गावाला ती नकोही आहे, आणि ती घातली की अर्धे गाव आपोआप समोरच्या बाजूला जाते.

कंपनी टँकर किंवा शुद्धीकरण यंत्र देऊ करील, बहुधा सामाजिक दायित्वाच्या खर्चातून. घ्या. तहानलेल्या गावाने पाणी नाकारू नये. पण घेताना ग्रामपंचायतीचे पत्र द्या की हे स्वीकारल्याने गावाचा भरपाईचा आणि कारवाईचा हक्क सुटत नाही. पिकाच्या भरपाईचेही तसेच. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांचा संयुक्त पंचनामा होऊ द्या, त्याची प्रत घ्या, आणि धनादेश घेताना ‘पूर्ण व अंतिम, पुढे कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका. शेतकऱ्याला वीस हजारांची निकड असते त्या दिवशीच हा कागद पुढे येतो. रक्कम ‘या हंगामाच्या नुकसानीपोटी’ मिळाली, एवढेच लिहून द्या.

एवढे करून हलले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांसाठीचे खास न्यायालय. आपले खंडपीठ पुण्याला. साधी तक्रार न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम १४ खाली, कारण घडल्यापासून सहा महिन्यांत. नुकसानभरपाई आणि जमीन-पाणी पूर्ववत करून मागायचे असेल तर कलम १५ खाली, पाच वर्षांत. दोन्हींत पुरेसे कारण दाखवल्यास साठ दिवसांची सवलत. भरपाई न मागणाऱ्या अर्जाला १००० रुपये शुल्क, भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ. सहा महिने फार लवकर जातात, म्हणून प्रत्येक निवेदनाची पोच आणि प्रत्येक अहवालाची तारीख एका वहीत लिहा. वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो, त्यांचे उत्पन्न कितीही असो. म्हणजे अर्ज गावातल्या बायांच्या नावाने गेला तर हा खर्चच राहत नाही. प्रतिवादी सरकारी कंपनी असल्याने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेचाही रस्ता आहे, पण आकड्यांच्या तज्ज्ञ तपासणीसाठी मला न्यायाधिकरण जास्त योग्य वाटते.

एक नवी वाटही झाली आहे. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले. संशयित दूषित जागा स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने कळवायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषितता दिसली तर सखोल सर्वेक्षण, आणि सफाईचा खर्च दूषित करणाऱ्यावर. स्थानिक संस्था म्हणजे तुम्हीच. ग्रामपंचायतीने आपल्या ठरावासह ती जागा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी कळवावी. खाणकामातून झालेले प्रदूषण मात्र या नियमांतून वगळले आहे. त्यामुळे वणी, घुग्घुस, बल्लारपूर भागातल्या कोळसा खाणींशेजारच्या गावांना हा रस्ता नाही; त्यांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून पाणी आणि आरोग्य मागावे. तो निधी २०१५ च्या कायदा-दुरुस्तीने खाणबाधितांसाठीच उभा केला आहे आणि पिण्याचे पाणी त्याच्या प्राधान्यक्रमात आहे. चंद्रपूर तर २००९ च्या केंद्रीय मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते, तरी तिथल्या कित्येक गावांना अजून हा निधी कोणाकडे मागायचा हे कोणी सांगितलेले नाही.

तुमचे पहिले नमुने पावसाळ्याआधी, मे महिन्यात घ्या, तेव्हा पातळी खाली असते आणि पाझराचा वाटा ठळक दिसतो. त्याच विहिरींचे दुसरे नमुने ऑक्टोबरात. प्रयोगशाळेच्या बाटल्यांसाठी महिनाभर आधी पत्र द्यावे लागते. गावनकाशाच्या झेरॉक्सवर बंधारा, नाला, विहिरी आणि बोअर यांच्या खुणा करून, प्रत्येकाची खोली लिहून मला पाठवा. वरच्या अंगाच्या तुलनेसाठी कोणत्या विहिरी धरायच्या ते बघून सांगते.